कोंबडी वाचली, मुंगी अडकली

रक्तवाहिनी घरी करता येते का, असा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. तरी "मी करते" हे उत्तर मी देऊन बसले. गॅसवर आमटी होती, हातात पळी होती आणि ऐश्वर्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून सांगत होती की ती पुण्याच्या जागेचा नाद सोडून देणार. पोटच्या पोरीचं तोंड उतरलेलं बघून आईच्या तोंडातून जे निघतं, त्याला अर्थ असायलाच पाहिजे असा काही कायदा नाही. पण आमच्या घरात बोललेलं वाक्य ह्यांच्या कानावर पडलं की त्याचा ठराव होतो. आमचे हे, म्हणजे गावाचे तात्यासो आणि पोरीचे अण्णा, दूध संस्थेचे माजी सचिव. ते बाहेरच्या खोलीतून ओरडले, "ठराव मंजूर!" आणि पेपरचं पान उलटलं.

जागा कसली, ते सांगते. ऐश्वर्या सर्जन आहे. तिला पुढं शिकायचं होतं ते तुटलेली बोटं परत जोडायचं. आमच्या भागात कडबाकुट्टीत बोटं जातात, उसाच्या चरकात जातात, कारखान्यातल्या प्रेसमध्ये जातात. बोट बर्फाच्या पिशवीत आणि माणूस हायवेवर, अशी वरात आमच्या कोल्हापूरच्या कसबा बावड्यात बऱ्याच जणांनी बघितलेली आहे. हाड जोडता येतं, कातडी शिवता येते. पण आतली मिलिमीटरभर रुंदीची रक्तवाहिनी जोडली गेली नाही तर बोट काळं पडतं. ती जोडायची सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्यानं. पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात हे शिकवतात. जागा मोजक्या, आणि घेण्याआधी उमेदवाराचा हात बघतात. सगळ्यांसमोर बसून एक नळी जोडायची, मग त्यातून लाल पाणी सोडतात. गळलं की घरी.

हा हात बसवायला बहुतेक जण कोंबडीच्या तंगडीवर सराव करतात. तंगडीत तसल्याच बारीक वाहिन्या असतात म्हणे. मला काय ठाऊक? आमच्या घरात कोंबडी आलीच तर स्वतःच्या पायांनी आलेली, शेजारच्या अंबूबाईची, आणि परसातले तांदूळ टिपून तशीच परत गेलेली.

आम्ही जैन, आणि त्यात ऐश्वर्यानं लहानपणी चातुर्मासात महाराजांसमोर नियम घेतलेला. बाकीच्या पोरांनी आईस्क्रीम सोडलं, टीव्ही सोडला, एकानं तर शाळा सोडायचा नियम मागितला. आमच्या कन्येनं सांगितलं, कुठल्याही प्राण्याला, जिवंत असो की मेलेला, सुरी लावणार नाही. महाराजसुद्धा म्हणाले होते, "बाळ, विचार कर." पण तिनं नियम घेतला आणि पाळला. डॉक्टर होतानासुद्धा पाळला, कसा ते तिचं तिला माहीत.

ही बातमी अंबूबाईला कळायला भिंत आड येत नाही. ती कमरेवर हात ठेवून आली.

"व्हय गं पद्माक्का, माणसं कापतीया तुझी पोरगी, आन कोंबडीला भितीया?"

"भीत नाही मावशी," ऐश्वर्या म्हणाली. "माणूस माझ्याकडं बरा व्हायला आलेला असतो. कोंबडी कशाला आलेली असते?"

अंबूबाईनं खरंच विचार केला. "रस्स्याला," ती म्हणाली.

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिच्या लेकाचं, केरबाचं, कोपऱ्यावर चिकनचं दुकान. तिनं सरळ हिशेब मांडला, "केरबा म्हणालाय, तंगड्या पायजेत तेवढ्या न्या. कापायचं कापा, शिवायचं शिवा, आन परत द्या. रस्स्यात कुणाला शिवण दिसतिया व्हय?"

तेव्हापासून केरबाच्या दुकानातला रस्सा खाणाऱ्यांबद्दल मला काळजी वाटते, पण तो विषय वेगळा.

ऐश्वर्यानं पुण्याच्या ऑफिसात फोन लावला. कृत्रिम नळीवर परीक्षा दिली तर चालेल का? तिकडचे गृहस्थ म्हणाले, चालेल, पण ज्याची त्यानं आणायची आणि समितीला पटली पाहिजे. नाही पटली तर? तर टेबलावर कोंबडी आहेच. परदेशी नळ्या विकत मिळतात, पण त्यांची किंमत ह्यांनी एका कानानं ऐकली, विश्वास बसला नाही म्हणून फोन दुसऱ्या कानाला लावून परत ऐकली, आणि मग फोन ठेवून पाणी प्यायले.

म्हणजे मामला असा होता: नळी जमली तर पोरगी पुण्याला. नाही जमली तर एक तर नियम मोडणार, नाहीतर मनातली एवढी मोठी गोष्ट मोडणार. आणि असलं काही मोडलेलं शिवायचं यंत्र माझ्याकडं नाही. होतं ते साधं शिवणयंत्र. त्याच्याच टेबलावर ऐश्वर्यानं एका दंतवैद्य मैत्रिणीचा जुना सूक्ष्मदर्शक उसना आणून ठेवला होता, त्यामुळं माझा निम्मा ब्लाऊज तेव्हापासून एकाच बाहीचा राहिला होता.

माझं शिक्षण दहावी. बाकी सगळं रद्दीतून. भेळ ज्या कागदात येते तो कागद मी भेळेच्या आधी वाचते. ऐश्वर्याची पुस्तकं झाडता झाडता मी माणसाच्या पोटात जाऊन आले आहे. त्यामुळं नळी म्हणजे पोकळ, मऊ, ताणली की ताणणारी आणि सुई टोचली की न फाटणारी, एवढं मला समजलं होतं. एवढंच समजलं होतं, हे नंतर समजलं.

सुरुवात सोऱ्यानं केली. शेवया पडतात तशी नळी पडेल म्हणून. नळी पडली नाही, शेवयाच पडल्या, त्या आम्ही खाल्ल्या. मग ह्यांनी पुढाकार घेतला. दारावरच्या घंटीची वायर सोलून तांब्याची तार उपसली आणि प्लॅस्टिकचं आवरण पोरीच्या हातात ठेवलं. "घे, शीर." ऐश्वर्यानं ते दाबून बघितलं आणि म्हणाली, "अण्णा, असली शीर असलेला माणूस माझ्याकडं येणारच नाही. तो कधीच गेलेला असेल." तेव्हापासून आमची घंटी बंद आहे. अर्थात कोल्हापूरचा पावणा घंटी कधी वाजवतो? तो कोपऱ्यावरूनच हाक मारतो.

मग कुणीतरी सांगितलं की गणपतीच्या मूर्तीचे साचे रबराचे असतात, ते रबर आधी दह्यासारखं पातळ असतं आणि औषधाचे थेंब टाकले की घट्ट होतं. मी कुंभार गल्लीत गेले. विश्वजित नावाचा मूर्तिकार हाताला माती लावून बसला होता.

"कुठला गणपती करायचाय काकू? फेट्याचा, की सिंहासनाचा?"

"गणपती नाही. रक्तवाहिनी."

त्यानं हात पुसले. "कुणाची?"

"कुणाचीपण चालेल."

तो जरा मागं सरकला. सगळं सांगितल्यावर मात्र त्यानं बरणीभर रबर दिलं, औषधाची बाटली दिली आणि बजावलं, "थेंब मोजून घाला. जास्ती झालं तर हातातल्या हातात आवळतंय." मी मोजूनच घातले. पण मोजत असताना अंबूबाई आली आणि भेंडीचा भाव सांगू लागली. माझी चांगली पितळी पळी आजही त्या रबरात आहे. तिला रबराचा हातमोजा घातल्यासारखा दिसतो. पाहुणे विचारतात, मी सांगते, शॉक लागू नये म्हणून.

बारीक तारेवर रबर चढवायचं, वाळलं की तार ओढून काढायची, असा माझा बेत. रबर चढलं, वाळलं, आणि तार ओढली तशी नळी मोज्यासारखी उलटी होऊन फाटली. तूप लावलं, फाटली. पावडर लावली, फाटली. ह्यांनी एका टोकाला धरलं, मी दुसऱ्या टोकाला, रस्सीखेच झाली. नळी फाटली आणि हे सोफ्यावर गेले. ऐश्वर्या दवाखान्यातून आली की काही विचारायची नाही. हात धुवायची, टेबलाशी बसायची आणि हातमोज्याच्या रबराच्या पट्ट्या शिवत राहायची. सूक्ष्मदर्शकातून बघितलं की तिची सुई वाऱ्यावरच्या गवतासारखी हलताना दिसायची. मोठ्या ऑपरेशनात तिचा हात दगड. पण इतक्या बारीक कामात श्वाससुद्धा धक्का देतो. "बसेल हात," मी म्हणायची. "कशावर बसेल आई?" ती म्हणायची. 

त्याचं उत्तर चिक्कीत सापडलं. चिक्की मी करत होते दुःखात. माणसं दुःखात रडतात, मी शेंगदाणे भाजते. पाक उकळत होता, मी चमच्यानं उचलून बघितलं. एकतारी झाला, दोनतारी झाला, गोळीबंद झाला, आणि त्याच्याही पुढं गेला तेव्हा चमच्यातून एक तार सुटली आणि ओट्यावर येईपर्यंत हवेतच कडक झाली. केसाहून जाड, शेवयीहून बारीक. मी ती उचलली. उभी राहिली. तोंडात टाकली. विरघळली.

मी गॅस बंद न करता पळत बाहेर आले. "अहो! तार ओढून काढायचीच कशाला? विरघळवून टाकायची!"

हे म्हणाले, "आधी जळालेलं बघ."

चिक्की गेली, पण युक्ती मिळाली. पाकाची तार ओढायची, तिच्यावर पातळ रबराचा हात फिरवायचा, रबर घट्ट झालं की दोन्ही टोकं कापून कोमट पाण्यात टाकायचं. आतला पाक पाण्यात जातो, बाहेर राहते ती पोकळ नळी. साखर कारखान्याच्या धुराड्याखाली आयुष्य काढलं आणि साखरेचा हा उपयोग मला इतक्या उशिरा सुचला, याचं मला वाईट वाटलं.

आता गल्लीला काम मिळालं. नुसत्या साखरेची तार काचेसारखी मोडायची. नुसत्या गुळाची तार दुपारच्या माणसासारखी ढिली पडायची. अंबूबाई म्हणाली, "दोन्ही घाल की! संसार कसा चालतोय?" दोन्ही घातलं, तार सरळ आली. तिनं तेव्हापासून हे सगळं आपणच शोधलं असं सांगायला सुरुवात केली, आणि खरं सांगायचं तर निम्मं खरंच आहे.

रबर लावलेली तार वाळेपर्यंत गोल फिरवत ठेवावी लागते, नाहीतर थेंब खाली जमतो. ते काम ह्यांना दिलं. शेवया वाळवायच्या काठीला तारा बांधल्या आणि हे ती काठी फिरवत आरामखुर्चीत बसले. दूध संस्थेच्या सभांमध्ये उघड्या डोळ्यांनी झोपायची सवय लागलेला माणूस. जाग आली तेव्हा प्रत्येक नळीला मधोमध पोट सुटलेलं.

ऐश्वर्यानं ती बघितली आणि बऱ्याच दिवसांनी हसली. "अण्णा, हापण एक आजार आहे. रक्तवाहिनीला फुगा येतो. फार छान केलाय. पण मला आधी निरोगी माणूस द्या."

"आजारीच शिका की," हे म्हणाले. "निरोगी माणूस डॉक्टरकडं कशाला येतोय?"

शेवटी निरोगी नळ्या जमल्या. कोमट पाण्यातून काढून ताटात वाळायला ठेवल्या, काहींच्या पोटात पाक उरलाय हे मला दिसलं नाही, सुती फडकं झाकलं, आणि मी तृप्त मनानं देवळात गेले. परत आले तर फडकं चालत होतं.

मुंग्या! दारातून, खिडकीतून, बंद पडलेल्या घंटीच्या भोकातून. कोल्हापूर जिल्ह्यात जेवढ्या म्हणून मुंग्या होत्या त्यांना माझ्या गूळ-साखरेच्या संशोधनाची बातमी लागली होती. अंबूबाई माझी किंकाळी ऐकून मारायचा खडू घेऊनच आली. "सरक बाजूला, दोन रेघा मारतो, सगळ्या आडव्या."

"अंबूबाई! तो खडू उंबऱ्याच्या आत आणू नको!"

"आता ग बया! मुंगीचापण नियम हाय व्हय?"

आता बघा. कोंबडी वाचावी म्हणून हा सगळा खटाटोप. आणि मुंग्यांचा गाव मारून मी कोंबडी वाचवणार? ह्यांनी तातडीची सभा बोलावली. विषय एकच. अंबूबाईला निमंत्रित म्हणून बसवलं. ठरलं असं की मुंग्यांना जबरदस्ती करायची नाही, त्यांचं मन वळवायचं. परसात कढीपत्त्याच्या बुंध्याशी गुळाचा खडा ठेवला आणि तिथपर्यंत काकवीची बारीक धार सोडली. अंबूबाई दारात उभी राहून ओरडत होती, "चला, पावणं, पंगत तिकडं हाय!" संध्याकाळ व्हायच्या आत वरात परसात गेली. मी प्रत्येक नळी झटकली, फुंकली, उजेडाला धरली आणि मगच ऐश्वर्याला दिली.

ती टेबलाशी बसली. सुई हातात घेतली. आणि थांबली.

"आई, आत काहीतरी हललं."

मी डोळा लावला. देवा! म्हशीएवढं जनावर. काळंभोर, तुकतुकीत, डोक्यावर दोन काठ्या हलवणारं. एक मुंगी पाक खात खात आत शिरली होती, मध्येच अडकली होती. पुढं न विरघळलेला पाक, मागं वळायला जागा नाही. पाय तेवढे झाडत होती.

"पाण्यात टाका," अंबूबाई म्हणाली.

"बुडेल."

"दाबून काढा."

"चेंगरेल."

हे म्हणाले, "फुंकर घालूया?" आणि आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितल्यावर दोन पावलं मागं सरकले.

 ऐश्वर्यानं सगळ्यात बारीक कात्री उचलली. मुंगीच्या डोक्यापुढं, पाकाच्या अलीकडं, मधे जेमतेम धाग्याएवढी जागा होती. एक केसभर इकडं कात्री गेली की मुंगी संपली. मी तोंडानं णमोकार म्हणत होते आणि डोळ्यांनी पोरीच्या हाताकडं बघत होते. तो हात हलत नव्हता. वाऱ्यावरचं गवत नव्हतं ते, आमच्या देवळातली समई होती. कात्री मिटली. नळी दुभंगली. मुंगी बाहेर आली, चिमट्याच्या टोकावर उभी राहिली, दोन्ही काठ्या पुसल्या, आणि आभार बिभार न मानता चालू लागली. ह्यांनी तिला पोस्टकार्डावर घेतलं आणि परसात पंगतीला पोचवून आले.

आणि ऐश्वर्या थांबलीच नाही. कोमट पाण्यानं आतला पाक धुतला, दोन टोकं समोरासमोर धरली आणि शिवायला लागली. एक टाका, दुसरा टाका. अंबूबाई तोंडाला पदर लावून उभी. मी चहा टाकायची विसरले. शेवटची गाठ मारून तिनं रंगपंचमीचा उरलेला लाल रंग पाण्यात कालवला आणि इंजेक्शनच्या पिचकारीनं नळीत सोडला. लाल रेघ जोडाच्या अलीकडून आली आणि पलीकडं गेली. बाहेर थेंब नाही.

"हात हलला नाही तुझा," मी म्हणाले.

ती स्वतःच्या बोटांकडं बघत होती. "मी हाताकडं बघितलंच नाही गं."

"मुंगी सोडायची काय रोज एकेक?" हे उत्साहानं म्हणाले. तो ठराव मात्र नामंजूर झाला.

त्यानंतर ती रोज नळ्या शिवू लागली आणि मी रोज करू लागले. काही जोड गळले, बरेचसे गळेनात. परीक्षेच्या दिवशी स्टीलच्या पुरणाच्या डब्यात पाणी घालून, मधे ओलं फडकं देऊन, नळ्या दोन थरांत ठेवल्या, झाकणाला फडकं बांधलं, आणि आम्ही तिघं पहाटेच्या गाडीनं पुण्याला निघालो. डबा माझ्या मांडीवर. हे म्हणाले, "मी घेऊ का?" मी म्हणाले, "तुम्हाला झोप लागते."

रुग्णालयाच्या फाटकावर रखवालदारानं अडवलं. "मावशी, बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"खाणं नाही ते."

"उघडा बरं." मी उघडला. पाण्यात पांढुरक्या नळ्या तरंगत होत्या. "शेवयांची खीर दिसतीय की."

"रक्तवाहिन्या आहेत," मी म्हणाले.

त्यानं झाकण स्वतःच्या हातानं लावलं आणि आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आला.

वर खिडकीत एक गृहस्थ नोंद करत होते. "नमुना आणलाय? प्राणी कोणता?"

"कुठलाच नाही," ऐश्वर्या म्हणाली.

"असं कसं? इथं तीनच आहेत. कोंबडी, उंदीर, डुक्कर. काहीतरी सांगा."

हे पुढं झाले. "ऊस लिहा."

"ऊस प्राणी आहे का हो?"

"आमच्याकडं त्याच्यासाठी माणसं भांडतात. लिहा."

त्या गृहस्थांनी साहेबांना विचारून येतो म्हणून खुर्ची सोडली आणि बराच वेळ आलेच नाहीत. शेवटी ऐश्वर्याचा नंबर पुकारला तेव्हा ती नोंदीशिवायच आत गेली, डबा घेऊन. आम्ही दोघं बोळात बाकावर. तेवढ्यात एक तरुण डॉक्टर दारातून डोकावला, माझ्या पिशवीकडं बघितलं आणि म्हणाला, "मावशी, आत दोन चहा. एक बिनसाखरेचा." मी इरकलीतल्या इरकलीत ताठ झाले. पिशवी घेऊन बसलेली बाई चहावालीच असते, हा शोध त्यानं कुठल्या पुस्तकात वाचला कोण जाणे. मी म्हणाले, "साखरेचं काम आतच दिलंय." त्याला काही कळलं नाही. मला ते माझंच उत्तर नंतर फार छान वाटलं, तेव्हा नुसता राग आला होता.

मग दार पुन्हा उघडलं. "नळ्या ज्यांनी केल्यात त्यांना बोलावलंय."

आत लांब टेबल, त्यावर मोठा सूक्ष्मदर्शक, भिंतीवर पडदा. त्याच्यासमोर विजयसिंह सर, समितीचे प्रमुख, पांढऱ्या भुवयांचे. त्यांच्या चिमट्यात माझी नळी होती, फाटलेली. ऐश्वर्या भिंतीशी उभी, ओठ दाबून. आणि टेबलाच्या कडेला झाकलेल्या ताटलीत जे होतं ते मी न बघताच ओळखलं. केरबाच्या दुकानावरून जाताना येतो तोच वास.

"तुम्ही केल्या? लॅब कुठली?"

"कसबा बावडा."

"सरकारी?"

"घरगुती," हे मागून म्हणाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"सुई घातली आणि फाटली बघा," सर म्हणाले. बोलण्यात टोचणी नव्हती, वाईट वाटल्यासारखे म्हणाले. त्यांचा हात ताटलीकडं जाणार तेवढ्यात माझं लक्ष डब्याकडं गेलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अहो सर, तुम्ही वरची घेतलीत! तळातली घ्या!"

"म्हणजे?"

आता कसं सांगायचं? चांगल्या पोळ्या तळाला ठेवायच्या आणि मोडकी वर, म्हणजे आल्यागेल्याच्या हाताला मोडकी लागते आणि चांगली घरच्यांना राहते, हे आमच्या हाताला लागलेलं वळण. डबा भरताना हातानं आपलं काम केलं होतं. चांगल्या नळ्या पोरीसाठी तळाला, आणि पहिल्या घाण्यातल्या वर, समितीसाठी. मी हे सगळं सांगितलं. समितीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी तोंडावर रुमाल धरला. त्यांच्याही घरी डबा तसाच भरत असणार.

सरांनी तळातून एक नळी काढली. सुई घातली, धागा ओढला, ताणून बघितलं. पुन्हा ओढला. वास घेतला. "गुळाचा वास येतोय."

"पण शिवली जातेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"भिंत सगळीकडं सारखी नाही हिची. बाहेरच्या नळ्या कशा एकसारख्या असतात."

तेव्हा ऐश्वर्या पहिल्यांदा बोलली. "रुग्णांची तरी कुठं एकसारखी असते, सर? गेल्या आठवड्यात कडबाकुट्टीतलं बोट आलं होतं आमच्याकडं. मला जोडता आलं नाही. पुण्याला पाठवलं. पोचेपर्यंत उशीर झाला."

सरांनी तिच्याकडं बघितलं. मग ताटली हातानं बाजूला सारली. "बसा."

आम्हाला बाहेर जायला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही आठवण करून दिली नाही. पडद्यावर माझी नळी दिसत होती, कारखान्याच्या पाइपाएवढी. कात्री आली आणि तिचे दोन तुकडे झाले. माझ्याच अंगावर काटा आला. मग सुई आली, चंद्रकोरीसारखी. पहिल्या टाक्याला ती किंचित थरथरली. मी ह्यांचा हात धरला. ऐश्वर्यानं सुई थांबवली, खांदे खाली सोडले, आणि मग ती सुई अशी चालायला लागली, की जणू नळीला विचारून चालली आहे. बोळातून लोक येऊन उभे राहिले. रखवालदारसुद्धा होता. चहा मागणारा डॉक्टर माझ्यासाठी खुर्ची घेऊन आला. मी बसले नाही, पण खुर्ची आणली हे नोंदवून ठेवलं.

शेवटची गाठ पडली. धागा कापला. सरांनी स्वतः पिचकारी हातात घेतली आणि लाल पाणी सोडलं. लाल रेघ जोडापाशी आली. थांबल्यासारखी झाली. नळीत तिथं जरा आवळलेलं होतं. मी ह्यांच्या हातात नखं रुतवली. आणि ती सरळ पलीकडं गेली. सरांनी दाब वाढवला. आणखी वाढवला. जोडावर कागद टेकवून बघितला. कागद कोरा.

"गळत नाही," सर म्हणाले.

त्यावर आमच्या ह्यांनी, दूध संस्थेच्या माजी सचिवांनी, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. खासबाग मैदानात पैलवानानं समोरच्याला चितपट केल्यावर वाजते ती शिट्टी. काचा थरथरल्या. पलीकडच्या वॉर्डातून एक नर्स धावत आली. कुणाच्या तरी हातातला ट्रे पडला. आणि त्या सगळ्यात आमच्या ऐश्वर्याचे दोन्ही हात टेबलावर होते तसेच निवांत, एक बोटही न हललेले.

सरांनी सूक्ष्मदर्शकातून डोकं वर न काढता विचारलं, "कोल्हापूर का?"

"व्हय की!" आम्ही तिघं एकदम म्हणालो.

"डॉक्टर, एक तारखेला रुजू व्हा," सर म्हणाले. "हा डबा इथंच राहू दे, बाकीची मुलं शिकतील. येताना आईंना आणा, कशा करायच्या ते दाखवायला." मग त्यांनी डोकं वर काढलं आणि पांढऱ्या भुवयांखालून ह्यांच्याकडं नीट बघून घेतलं. "वडिलांना आणू नका."

हे वाक्य ह्यांनी साऱ्या कसबा बावड्यात कौतुक म्हणून सांगितलं आहे.